सव्वाचार इंच

गोल्फ हा खेळ आम्ही आयुष्यात कधी खेळलो नाही, असे म्हटले तर ते खरे आहे. आणि आमचे निम्मे बालपण गोल्फ खेळण्यात गेले, असे म्हटले तर तेही खोटे नाही. गोल्फच्या मैदानाच्या कुंपणाआत आमचे पाऊल आजवर पडलेले नाही. पण वसईतील आमच्या आजोळच्या वाडीत, केळीच्या रांगा आणि पाण्याचे पाट यांच्यामधून आम्ही भावंडे जो खेळ खेळत होतो, त्याला आम्ही गोल्फच म्हणत असू. त्या नावावर आमचा कितपत हक्क होता, हा प्रश्न त्या वयात पडला नाही. पुढे पडला, आणि तो कोणी पाडला ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहोत.

आमचे थोरले मामा मुंबईच्या उपनगरातील एका गोल्फ क्लबात माळीकाम करीत. वाडीतल्या माणसाला गवताची आणि पाण्याची भाषा कळते, एवढ्या एका शिफारशीवर त्यांना ती नोकरी मिळाली होती. रविवारी मैदानावर सभासदांची गर्दी असे, म्हणून मामांची सुट्टी सोमवारी. रविवारचा मिस्सा ते क्लबाजवळच्या देवळात भल्या पहाटे ऐकत, दिवसभर कामावर उभे राहत आणि रात्रीच्या गाडीने वसईला येत. सोमवारी सकाळी आम्हां मुलांचा घोळका त्यांच्या खाटेभोवती जमे. मामा उशाखालची पिशवी ओढून तळ्याचा गाळ उपसताना सापडलेले दोन-चार चेंडू आमच्यापुढे ठेवीत. पिवळट पडलेले, अंगावर बारीक खळ्या असलेले ते चेंडू हातात घेतले की मुंबईच हातात आल्यासारखी वाटे.

मामांचे मुख्य काम होते ते चेंडूसाठी खळगी पाडण्याचे. गोल्फच्या मैदानात जेथे चेंडू अखेर विसावतो ती खळगी कायमची एका जागी नसते. ती रोज सकाळी हलवावी लागते, नाहीतर तिच्याभोवतीचे गवत पायांखाली मरून जाते. एक गोल धारदार पाते गवतात फिरवून मातीचा अखंड गट्टू वर काढायचा, तोच गट्टू कालच्या खळगीत अलगद बसवायचा, सांध्यावर पाणी शिंपडायचे आणि तळव्याने थोपटायचे. खळगीचा व्यास सव्वाचार इंच. जगभर तेवढाच. स्कॉटलंडमधील मसलबर्ग या गावी १८२९ साली वापरात असलेले असे पाते आजही जपून ठेवलेले आहे, आणि १८९१ साली नियमकर्त्यांनी सगळ्यांसाठी तेच माप ठरवून दिले, ही माहिती आम्हांला पुष्कळ नंतर पुस्तकातून मिळाली. मामांना इतिहास ठाऊक नव्हता, माप मात्र बोटांत मुरलेले होते. ते म्हणत, "काल खळगी कुठं होती ते आज कुणाला सापडता कामा नये. सापडली तर माझं काम कच्चं."

एका सोमवारी आम्ही त्यांना विचारले, "मामा, चेंडू आत पडतो तेव्हा आवाज कसा येतो?"

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लांबून ऐकलाय. जवळून नाही. आम्ही काम करतो तेव्हा ते खेळत नाहीत, आणि ते खेळतात तेव्हा आम्ही झाडाआड असतो."

वर्षानुवर्षे रोज अठरा खळग्या पाडणाऱ्या माणसाने एकाही खळगीत चेंडू घातलेला नव्हता, हे तेव्हा आम्हांला मुळीच खटकले नाही. आम्ही पुन्हा खेळायला पळालो. पण पुढच्या सोमवारी मामा आले ते उत्तर घेऊनच आले. पिशवी उघडण्याआधीच म्हणाले, "रिकाम्या डब्यात सुपारी पडावी तसा येतो. आधी एकदा टण्, मग घरंगळल्यासारखा, मग गप्प." आणि आमची खात्री पटावी म्हणून त्यांनी दुधाच्या पावडरचा रिकामा डबा शोधला, बोटांनी त्याचे तोंड मापले, "थोडा लहान आहे, पण चालेल," असे पुटपुटले आणि तो वाडीतल्या माचीजवळ जमिनीत काठोकाठ पुरून दिला.

त्या डब्यावर आमचा गोल्फ उभा राहिला. माडाच्या झावळीचा बुडखा तासून काठ्या केल्या. नियम आम्हीच घातले. चेंडू पाटात गेला तर वाहत जाईल तेथून खेळायचे. बावखलात गेला तर ज्याने मारला त्यानेच बुडी मारायची. आजीने वाळत घातलेल्या बोंबलांवर पडला तर डाव तेथेच संपला. पुढचा निकाल आजीकडे. चेंडू डब्यात पडला की सगळे एकदम गप्प होत. तो आवाज नीट ऐकायचा, हाही एक नियमच होता.

दिवस गेले. आम्ही शिकलो, शिक्षक झालो. मामा निवृत्त झाले आणि एका पावसाळ्यात देवाघरी गेले. त्यांच्या महिन्याच्या मिस्सानंतर ओट्यावर चहा घेताना आम्ही डब्याची ती आठवण काढली. मामींनी आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या आवाजाचे आठ दिवसांचे पैसे कापले होते, बाळा."

मग सारे कळले. आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळवावे म्हणून मामांनी त्या आठवड्यात, काळोख पडायच्या सुमारास, एका कॅडी पोराकडून काठी मागून घेतली होती आणि आपणच सकाळी पाडलेल्या खळगीत एक चेंडू घातला होता. एकच. एका सभासदाने ते व्हरांड्यातून पाहिले. दुसऱ्या दिवशी मामांना कचेरीत बोलावण्यात आले, आठ दिवसांचा पगार कापण्यात आला आणि कारकुनाने इंग्रजीत लिहिलेल्या माफीनाम्यावर त्यांची सही घेण्यात आली. त्यात काय लिहिले होते ते मामांना अखेरपर्यंत कळले नाही. ज्या सोमवारी ते आम्हांला सुपारीचा दृष्टान्त देत होते, त्या सोमवारी त्यांच्या खिशात परतीच्या गाडीपुरतेच पैसे होते.

मामींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पण चहाचा पेला आमच्या हातात तसाच राहिला. प्रश्न आमचा होता.

राग आला की पुस्तक उघडायचे, ही शिक्षकी पेशातली जुनी खोड. त्या दिवसापासून आम्ही या खेळाविषयी मिळेल ते वाचू लागलो. हेतू प्रांजळपणे सांगायचा तर चांगला नव्हता. हा खेळ मुळातूनच गर्विष्ठ आहे, याचा पुरावा आम्हांला हवा होता. पुरावा मिळाला तो अगदी उलटा.

स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने १४५७ साली फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती. माणसे धनुष्यबाणाचा सराव टाकून चेंडूमागे धावू लागली, अशी राज्यकर्त्यांची तक्रार. चार श्रीमंतांच्या करमणुकीवर कोणी कायदा करीत नाही; म्हणजे हा खेळ तेव्हा रस्त्यावरचा होता. पुढे १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी सेंट अँड्र्यूज येथील समुद्रकाठच्या गवताळ जमिनीवर ससे पाळण्याची सोय करून घेतली, तेव्हा त्याच लेखात गावकऱ्यांचा तेथे गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा हक्कही मान्य केला. या खेळाची पंढरी म्हणून जी जागा ओळखली जाते, तिचा हा जुना दस्तऐवज सामान्य माणसाच्या हक्काचा आहे! ते मैदान आजही सार्वजनिक आहे, आणि काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर तेथील सर्वात जुन्या मैदानावर रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन त्याच गवतावर फिरायला येतात. हे वाचले त्या रात्री मामांच्या हुकलेल्या रविवारांचा हिशेब आमच्या मनात सारखा चालला होता.

कुंपण नंतर आले. आपल्या देशात तर खेळ कुंपणासकटच आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वात जुना. पण वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, कुंपण जितके उंच होत गेले तितक्या वेळा हा खेळ त्यावरून उडी मारून बाहेर पडला आहे, आणि बाहेर पडल्यावर त्याने जी रूपे घेतली ती आमच्या वाडीतल्या रूपाहून फारशी निराळी नाहीत.

सेंट अँड्र्यूजमध्येच पाहा. मोठ्या मैदानावर स्त्रियांनी काठी उगारून खेळणे पूर्वी शिष्टसंमत नव्हते. तेव्हा १८६७ साली त्यांनी शेजारच्या उंचसखल गवतावर आपला निराळा क्लब काढला आणि चेंडू नुसता हलकेच ढकलून खळगीत घालण्याचा खेळ सुरू केला. त्या उंचवट्यांना 'हिमालय' हे नाव पडले. आज त्या हिमालयावर चार पैसे देऊन कोणीही, लहान मूलसुद्धा, खेळू शकते.

मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८९० च्या दशकात अमेरिकेतील व्हरमाँट येथे राहत असे. जंगलातल्या मोगलीच्या कथा त्याने तेथेच लिहिल्या. हिवाळ्यात चोहीकडे बर्फ पडले की तो चेंडूंना तांबडा रंग देऊन बर्फावरच गोल्फ खेळे. उतारावरून सुटलेला चेंडू कोठवर घसरत जाईल याचा नेम नसे. आमच्या पाटातल्या चेंडूचे दैव ते हेच.

टेनेसी आणि जॉर्जिया यांच्या सीमेवरील लुकआउट डोंगरावर गार्नेट कार्टर नावाच्या हॉटेलवाल्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस अंगणात मावेल एवढा गोल्फ मांडला आणि त्याला परीकथेतल्या अंगठ्याएवढ्या माणसाचे, टॉम थंबचे, नाव दिले. पोकळ ओंडक्यातून, नळीतून, अडथळ्यांतून चेंडू न्यायचा. १९३० साली, मंदीने लोकांचे कंबरडे मोडले असताना, या चिमुकल्या गोल्फने अमेरिका वेडी झाली. ओसाड प्लॉटवर, न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर हजारोंनी अशी मैदाने उभी राहिली. ज्यांच्या खिशात काही उरले नव्हते, त्यांना काही नाण्यांत तासभर राजा होता येत होते. त्या वेडाला पुष्कळांनी हसून घेतले. आम्हांला हसवेना.

६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ च्या अॅलन शेपर्डने चंद्रावर दोन चेंडू मारले. मातीचे नमुने गोळा करण्याच्या अवजाच्या दांड्याला त्याने गोल्फच्या काठीचे पाते जोडले होते, आणि पोशाख इतका ताठर की एकाच हाताने मारावे लागले. चेंडू मैलोगणती गेला, असे तो तेव्हा गंमतीने म्हणाला. पुढे २०२१ साली छायाचित्रे तपासून मोजले तेव्हा एक चेंडू सुमारे २४ यार्ड आणि दुसरा सुमारे ४० यार्ड गेला होता, असे निघाले. आमच्या वाडीतले अंतर साधारण तेवढेच होते! शेपर्डने या खेळासाठी आपल्या वरिष्ठांची आधी परवानगी घेतली होती, हेही आम्ही वाचले आणि पुस्तक जरा वेळ मिटून ठेवले.

कॅलिफोर्नियात एड हेड्रिक याने चेंडूऐवजी फिरती तबकडी घेऊन १९७५ साली एका सार्वजनिक बागेत पहिले कायमचे मैदान आखले. तो २००२ साली वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा मिसळून काही तबकड्या घडवण्यात आल्या. मातीला माती मिळावी, या शिकवणीत वाढलेल्या आम्हांला हे प्रथम विचित्र वाटले. पण आपल्या देहाचा शेवटचा कणही खेळात राहावा असे वाटणाऱ्या माणसाला खेळाने काय दिले असेल, याचाही विचार करावा लागला.

चित्रपटांनी तर गोल्फला पुष्कळ वेळा अंगणात आणून सोडले. 'गोइंग माय वे' या १९४४ सालच्या चित्रपटात बिंग क्रॉस्बीचा तरुण धर्मगुरू गोल्फ खेळतो आणि म्हाताऱ्या फादरनाही मैदानावर आणतो. त्या म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्या बॅरी फिट्झजेराल्डला ऑस्कर मिळाले. युद्धकाळ म्हणून ती बाहुली प्लास्टरची होती, आणि घरात गोल्फचा सराव करताना त्याने तिचे डोकेच उडवले.

पण आम्हांला सांगायचे आहे ते १९८० सालच्या 'कॅडीशॅक'विषयी. तो लिहिणाऱ्या तिघांपैकी एक ब्रायन डॉइल-मरी. शिकागोजवळच्या, नऊ मुलांच्या कॅथलिक घरातला हा मुलगा. त्याने आणि त्याच्या भावांनी जवळच्या क्लबात श्रीमंतांच्या काठ्यांचे ओझे वाहिले होते. त्याचा भाऊ बिल याने त्या कमाईतून जेज्वीट शाळेची फी भरली. चित्रपटात याच बिल मरीने मैदानावरच्या माळ्याचे काम केले आहे. पात्र वेडसर आहे. एका प्रसंगी हा माळी हातात गवत कापण्याचे हत्यार घेऊन शेवंतीच्या फुलांसमोर उभा राहतो, आणि आपण मोठ्या स्पर्धेत विजयाच्या उंबरठ्यावर आहोत अशी कल्पना करून स्वतःच स्वतःचे धावते समालोचन करीत एकेक फूल उडवतो. कालचा माळी आज विजेता होणार, असे तो स्वतःलाच सांगत असतो.

भाच्याच्या घरी हा चित्रपट लागला होता. त्या प्रसंगाला सारे घर खदखदून हसले. प्रसंग हसण्याचाच आहे. आम्हीही हसायला तोंड उघडले, आणि ते मिटेना. काळोख पडण्याच्या सुमाराला हातात मागून आणलेली काठी घेऊन उभे असलेले मामा आमच्या डोळ्यांसमोर आले. तेही मनातल्या मनात काही बोलले असतील का?

आपल्याकडचे माळी आणि कॅडी कायमचे झाडाआड राहिले असे मात्र नाही. दिल्लीच्या क्लबात कॅडी असलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबातील मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती स्पर्धा जिंकला. ही बातमी वाचली तेव्हा आम्ही वर्तमानपत्र घेऊन मुद्दाम मामींकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून छायाचित्र पाहिले आणि विचारले, "याच्या बापाला बघू दिलं ना?"

आणि मग चेंबूर. तेथील क्लबात ओझी वाहणाऱ्या तरुणांनी आपल्या वस्तीच्या गल्ल्यांतच गोल्फ मांडला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी करायची, प्लास्टिकचा चेंडू घ्यायचा, आणि गटार, पत्रे, वाळत घातलेले कपडे, येणारी-जाणारी माणसे यांच्यामधून तो नेमका काढायचा. पोलंडचा छायाचित्रकार टोमाश गुडझोवाटी याने या खेळाची छायाचित्रे जगापुढे ठेवली. पुढे २०२३ साली 'स्लम गोल्फ' याच नावाची मालिका आली. दिग्दर्शक आपल्या 'शाळा' चित्रपटाचे सुजय डहाके. त्याआधी २०१६ साली 'फ्रीकी अली' या हिंदी चित्रपटात नवाजुद्दीन सिद्दिकीने वस्तीतून आलेला गोल्फपटू रंगवला होता. त्याची कथा मूळ अमेरिकन चित्रपटावरून उचललेली. चेंबूरच्या गल्लीतली कथा मात्र कोणावरून उचललेली नाही.

ती छायाचित्रे आम्ही भिंग घेऊन पाहिली. त्या पोरांची उभे राहण्याची ढब, मान खाली घालून चेंडूवर खिळवलेली नजर पाहून प्रथमच आमच्या मनातला राग थोडा निवळला. अशा खेळाला काही जण विडंबन म्हणतात, काही जण गरिबांची हौस म्हणतात. आम्हांला तो जुन्या हक्काचा वापर वाटतो. आर्चबिशपांनी गावकऱ्यांना लिहून दिलेला कागद चेंबूरच्या पोरांनी पाहिलेला नाही, आणि आमच्या मामांनीही पाहिला नव्हता. तरी ज्याने खळगी पाडली त्याला तिचा आवाज ऐकण्याचा हक्क आहे, हे समजायला कागद कशाला हवा? मामांकडून माफी लिहून घेणाऱ्यांना तेवढे समजले नाही, इतकेच. त्यांच्यावर आता आमचा राग नाही, असे म्हणवत नाही. पण त्यांच्यामुळे खेळावरचा राग मात्र राहिला नाही.

वाडी आता निम्मी उरली आहे. उरलेल्या निम्मीत बावखल अजून आहे. मामांनी पुरलेला डबा केव्हाच गंजून मातीत मिळाला. आम्ही माचीची जागा शोधून उकरले, तर तांबड्या पापुद्र्यांशिवाय काही हाती लागले नाही. गेल्या नाताळात नातवंडे जमली होती. आम्ही फळांच्या रसाचा एक रिकामा डबा घेतला, पट्टीने तोंड मोजले, सव्वाचार इंच भरले नाही, पण चालण्यासारखे होते. तो तेथेच पुरला. झावळीचा बुडखा तासायला आमच्या हातात आता जोर नाही. ते काम भाच्याने केले. चेंडू मात्र मामांच्या पिशवीतलाच होता.

पोरांचे नेम पाचसहा वेळा चुकले. एक चेंडू पाटात गेला, तेव्हा जुना नियम सांगावा लागला. नव्वदीला टेकलेल्या मामी ओट्यावर बसून होत्या. त्यांना आता दिसत नाही. अखेर धाकटीने मारलेला चेंडू डब्याच्या काठावर थबकला आणि आत गेला. आम्ही सगळ्यांना हाताने गप्प केले.

ओट्यावरून मामींनी विचारले, "पडला का?"

"पडला," आम्ही म्हणालो.

"ऐकलं मी," मामी म्हणाल्या.